खंड्याच्या नावाची चतुःसीमा

खरेदीखतात चतुःसीमा लिहिलेली नसेल, तर शेताच्या नुसत्या नावावर दावा उभा राहणे कठीण. पक्ष्यांच्या मराठी नावांविषयी आमचे म्हणणे नेमके हेच आहे.

‘खंड्या’ हा शब्द घ्या. एकाच तळ्याकाठी या नावाने तीन पक्षी दाखवले जातात. तपकिरी डोके, पांढरा गळा, निळी पाठ आणि लाल चोच असलेला, पाण्यापासून दूर तारेवर बसून टोळ व सरडेही टिपणारा तो खंड्या. चिमणीहून किंचित मोठा, निळ्या पाठीचा व तांबूस पोटाचा तो छोटा खंड्या. काळापांढरा, हवेत एकाच जागी पंख फडफडवीत थांबून पाण्यात सूर मारणारा तो कवड्या खंड्या. नराच्या छातीवर दोन काळे पट्टे, मादीच्या एकच आणि तोही तुटक. शास्त्राने हे तिघे एकाच कुळात, परंतु तीन निरनिराळ्या उपकुळांत घातले आहेत.

यावरून काही विद्वान निष्कर्ष काढतात, की मराठी नावे ढिली आहेत. म्हणून इंग्रजी नावांची शब्दशः भाषांतरे करून ती प्रमाण ठरवावीत. हे आम्हाला मान्य नाही. शास्त्रीय नावेही वर्णन म्हणून बिनचूक नसतात. करकोच्यासारख्या चोचीच्या मोठ्या खंड्याला लिनियसने १७६६ मध्ये ‘केपेन्सिस’, म्हणजे केप ऑफ गुड होपचा, म्हटले. हा पक्षी आफ्रिकेत आढळतच नाही. पांढऱ्या गळ्याच्या खंड्याला त्याने १७५८ मध्ये ‘स्मिर्नेन्सिस’ म्हटले. त्या स्मिर्नाचे आज इझमीर झाले, पक्ष्याचे नाव मात्र तेच राहिले. प्रथम दिलेले वैध नाव टिकते, हा तेथील कायदा. शास्त्रीय नाव म्हणजे सर्व्हे नंबर: ते ओळख पक्की करते, वर्णनाची हमी देत नाही.

वर्णन लोकभाषा करते. ‘तिबोटी खंड्या’ या नावातच पायाला तीन बोटे असल्याची खूण आहे. इंग्रजी नाव केवळ बुटकेपणा सांगते. ‘कवड्या’ म्हणताच कवडीची नक्षी डोळ्यांपुढे येते, आणि हिंदीतील ‘कौडिल्ला’ हीच कवडी मिरवतो. राज्यांच्या सीमा आखणाऱ्यांना ही नाळ तोडता आली नाही.

प्रमाण यादी एखाद्या शहरात बसून तयार झाली, तर निपाणी, खानापूर, कारवार, इंदूर, बडोदे येथल्या घरांतील नावे तिच्याबाहेर राहतील. आणि ज्या शब्दाची नोंद नाही, त्याच्यावरचा हक्क पुढची पिढी कशाच्या आधारे सांगणार?

म्हणून वाचकांना आमची विनंती आहे. आपल्या गावचे नाव टिपा. सोबत पक्ष्याचा आकार, चोचीचा, गळ्याचा व पोटाचा रंग, बसण्याची जागा आणि गाव-तालुका लिहा. त्यावरून जाती निश्चित करून शास्त्रीय नाव जोडता येईल. चतुःसीमा पक्की झाली, की मग एका पक्ष्याला दहा नावे असली तरी भांडण उरत नाही. ती भाषेची श्रीमंती ठरते.