कोर्लई : किल्ला पाहा, भाषाही ऐका

पोर्तुगीज वारसा म्हटलं की आपल्याला गोवा, दमण, दीव आठवतात. पण अलिबागहून मुरूडकडे निघालात, रेवदंड्याशी कुंडलिकेच्या खाडीवरचा पूल ओलांडलात, की थोड्याच अंतरावर कोर्लई लागतं. समुद्रात शिरलेला एक लांबट डोंगर, त्यावर किल्ला, पायथ्याशी दीपगृह आणि कोळ्यांच्या होड्या.

१५२१ मध्ये पोर्तुगीजांना निजामशाहीकडून चौलला वखार आणि कोट बांधायची परवानगी मिळाली. आजच्या रेवदंड्याच्या तटबंदीत त्याच शहराचे अवशेष आहेत. त्यातला उंच मनोरा लोक 'सातखणी' म्हणून ओळखतात. समोरचा कोर्लईचा डोंगर त्यांनी १५९४ मध्ये निजामशाहीकडून जिंकला. खाडीचं तोंड असं दोन्ही बाजूंनी त्यांच्या हाती आलं. किल्ल्यावर चढलात की यामागचा हिशोब लगेच कळतो : एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला समुद्र, आणि येणारं प्रत्येक जहाज नजरेत.

१७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली आणि पुढच्याच वर्षी हा मुलूखही मराठ्यांकडे आला. पोर्तुगीज गेले, पण त्यांची भाषा गेली नाही. कोर्लईतली ख्रिस्ती कुटुंबं आजही घरात पोर्तुगीजपासून घडलेली बोली बोलतात. तिला ती 'नौ लिंग' म्हणजे 'आमची भाषा' म्हणतात. बोलणारे जेमतेम हजाराच्या घरात. शब्द बरेचसे पोर्तुगीज, पण वाक्यात क्रियापद मराठीसारखं शेवटी येतं. देवाणघेवाण उलटही झाली : आपले पाव, बटाटा, चावी, पगार हे शब्द पोर्तुगीजांकडूनच आले.

या भाषेची शाळा नाही की वर्तमानपत्र नाही. मुलं शाळेत मराठी शिकतात, नोकरीसाठी मुंबईला जातात. तरी ती पावणेतीनशेहून अधिक वर्षं टिकली, ती आई-आजी घरात बोलत राहिल्या म्हणून. बडोदा-इंदूरला वाढलेल्या आपल्याला हे वेगळं समजावून सांगायला नको! पण कोर्लईच्या पाठीशी दुसरीकडे कुठे मोठा भाषिक समाज नाही. इथल्या घरांतून ती गेली, तर ती संपलीच.

जाण्यासाठी हिवाळा उत्तम. मुंबईहून मांडव्यापर्यंत बोट, नाहीतर पनवेलहून पेण-अलिबागमार्गे रस्ता. सकाळी किल्ला, दुपारी रेवदंडा, असा एक दिवस पुरतो. गावात मात्र कोणालाही 'जरा बोलून दाखवा' म्हणू नका. चर्चपाशी किंवा मासळीच्या टोपलीपाशी थोडं थांबलात, तर ती आपसूक कानावर पडेल.