वर्धेचे पाणी आणि वर्धाकाठची माणसे

विदर्भराज भीष्मकाची राजधानी आणि रुक्मिणीचे माहेर म्हणून कौंडण्यपूरला वऱ्हाडच्या लोकमानसात अढळ स्थान आहे. 1960च्या दशकात मोरेश्वर दीक्षितांनी येथे उत्खनन केले आणि या भूमीतील वस्तीची प्राचीनता भौतिक पुराव्यानिशी पुढे आली. आषाढीला येथून रुक्मिणीमातेची पालखी पंढरपुरास निघते. ही प्रथा 1594पासूनची असल्याचे परंपरा सांगते. वर्धेच्या तीरावर माणूस किती शतके मुळे रोवून राहिला आहे, हे लक्षात यावे म्हणून एवढा उल्लेख. कारण याच नदीच्या काठची कितीतरी कुटुंबे गेल्या अर्धशतकात मुळासकट उपटली गेली आहेत.

कौंडण्यपूरच्या वरच्या अंगाला मोर्शी तालुक्यात सिंभोऱ्याला ऊर्ध्व वर्धा धरण आहे, तर खालच्या अंगाला आर्वी तालुक्यात धनोडीला निम्न वर्धा. धरणे नकोत, असे कोणी शहाणा माणूस म्हणणार नाही. अमरावती शहर ऊर्ध्व वर्धेचेच पाणी पिते आणि या जलाशयाने कित्येक एकर कोरडवाहू जमीन ओलिताखाली आणली. मात्र ज्यांच्या गावठाणावरून हे पाणी उभे राहिले, त्यांच्याशी समाजाने केलेला व्यवहार न्याय्य होता काय, हा प्रश्न टाळता येणार नाही.

शासनाच्या दप्तरात या लोकांना 'प्रकल्पग्रस्त' म्हणतात. पूरग्रस्त, भूकंपग्रस्त, तसे प्रकल्पग्रस्त. जणू धरण ही एखादी दैवी आपत्ती होती आणि तीत कोणाचाच निर्णय नव्हता! वस्तुतः इंग्रजांनी 1894 साली केलेल्या भूसंपादन कायद्याच्या बळावर सक्तीने जमिनी घेतल्या गेल्या. स्वातंत्र्यानंतर आपण झेंडा बदलला. हा कायदा मात्र 2013 संपेपर्यंत सांभाळला. 1921 साली मुळशीच्या मावळ्यांसाठी सेनापती बापट उभे राहिले, तेव्हा समोर परकी सत्ता होती. पुढे तोच हुकूम स्वकीयांच्या सहीने निघू लागला, हे अधिक क्लेशकारक आहे.

1 जानेवारी 2014पासून नवा कायदा लागू झाला. त्यात ग्रामीण जमिनीला चढा मोबदला आहे, आणि जमीन नसलेल्या पण त्या जमिनीवर पोट असलेल्या शेतमजुरांचा व कारागिरांचाही विचार आहे. तरतूद चांगली आहे. पण ऊर्ध्व वर्धेत ज्यांची घरे बुडाली, त्यांचे निवाडे त्याच्या कितीतरी आधी होऊन गेले होते. गावातला सुतार, लोहार, सालगडी यांच्या नावे सातबारा नव्हता. म्हणून जुन्या हिशेबात जमिनीच्या मोबदल्यापुरते ते अस्तित्वातच नव्हते. सासरी गेलेल्या लेकींचा विचार तर कोणत्याच कायद्यात नाही. सणावाराला जायचे कुठे, तर माहेरावर पाणी उभे!

दुसरा प्रकार अधिक सूक्ष्म आहे. 2006 ते 2013 या काळात विदर्भातील सिंचन प्रकल्पांसाठी शासनाने 'सरळ खरेदी'ने जमिनी घेतल्या. खरेदीखत झाले की वाढीव मोबदल्यासाठी न्यायालयात जाण्याचा मार्ग बंद. शेजारच्या शेतकऱ्याने निवाड्याविरुद्ध दाद मागून जास्त रक्कम मिळवावी आणि सामंजस्याने सही करणाऱ्याने हात चोळत बसावे, असे विपरीत घडले. धरण होणारच आहे, जमीन जाणारच आहे, अशा वेळी केलेली सही ही संमती कशी? 2025 साली राज्य शासनाने या शेतकऱ्यांसाठी हेक्टरी 5 लाख रुपये सानुग्रह अनुदान दिले, एकूण 800 कोटींहून अधिक. हे पाऊल स्वागतार्हच आहे. तथापि 'सानुग्रह' हा शब्द खटकतो. हक्काची थकबाकी अनुग्रह म्हणून का स्वीकारावी?

पाण्याची कथा याहून विदारक. सिंचनाच्या नावाने घेतलेल्या जमिनीवर साठलेल्या ऊर्ध्व वर्धेच्या पाण्यापैकी 87.6 दलघमी पाणी नांदगावपेठच्या औष्णिक वीज प्रकल्पासाठी मंजूर झाले, तेही अमरावती विभागाचा सिंचन अनुशेष डोक्यावर असताना. शेतकऱ्यांनी त्यासाठी आंदोलन केले, प्रकरण न्यायालयात गेले. वीज हवीच; पण ज्याने गाव दिले त्याला विचारावे, एवढाही शिष्टाचार पाळला गेला नाही.

मोर्शीत 2023 साली शंभर दिवस धरणे धरूनही कोणी विचारपूस केली नाही, तेव्हा 29 ऑगस्टला अप्पर वर्धा धरणग्रस्त मंत्रालयात शिरले आणि सुरक्षेसाठी लावलेल्या जाळीवर त्यांनी उड्या घेतल्या. या आंदोलनाची शैली कोणाला रुचो न रुचो, पण जमीन जाऊन दशके लोटल्यावर माणसाला जाळीवर उडी घ्यावी लागते, याची लाज आंदोलकांना नव्हे, व्यवस्थेला वाटली पाहिजे. शासकीय भरतीत प्रकल्पग्रस्तांना 5 टक्के समांतर आरक्षण आहे. परंतु भरतीच निघत नाही, आणि निघते तेव्हा प्रमाणपत्रधारक मुलाचे वय उलटून गेलेले असते. दाखला मग पेटीत राहतो.

जिल्हाधिकाऱ्यांनी ऊर्ध्व आणि निम्न वर्धेच्या प्रत्येक पुनर्वसित गावठाणात प्रमाणपत्रधारकांची यादी चावडीवर लावावी. वय उलटलेल्यांना नोकरीऐवजी एकरकमी रक्कम देण्याची मुदत शासनाने जाहीर करावी. आणि तोपर्यंत वर्धेच्या पाण्याचा उद्योगांसाठी एकही नवा करार होऊ नये.