बोलके यंत्र आणि मालकीचा प्रश्न

भिवंडीच्या यंत्रमागांचा इतिहास बऱ्याच अंशी जुन्या लोखंडाचा इतिहास आहे. मुंबईच्या गिरण्यांनी मोडीत काढलेले कितीतरी माग येथे आले आणि येथील कारागिरांनी ते दुरुस्त करून वर्षानुवर्षे चालविले. मागाचा प्रत्येक भाग डोळ्यांना दिसतो, हाताला लागतो; म्हणूनच मालकी शेठची असली, तरी यंत्राचे ज्ञान कामगाराजवळ राहिले.

संगणकाने ही स्थिती पालटली. बड्या कंपन्यांनी आज्ञावली कुलूपबंद ठेवली. पैसे मोजणाऱ्यालाही तीत डोकावण्याचा अधिकार उरला नाही. १९९१ साली लिनस टोरवाल्ड्स यांनी सुरू केलेल्या आणि पुढे सार्वजनिक परवान्याखाली खुल्या झालेल्या लिनक्सने या एकाधिकाराला तडा दिला.

याचा भिवंडीशी संबंध काय, असे विचारले जाईल. येथे मराठी, उर्दू, हिंदी आणि तेलुगू बोलणारे कामगार राबतात. ज्यांना वाचता येत नाही, त्यांना किमान वेतनाची सूचना ऐकविता आली पाहिजे. रास्पबेरी पायसारखा तळहाताएवढा, एकाच बोर्डावरील संगणक आणि ‘ईस्पीक एनजी’ ही मुक्त आज्ञावली एवढ्यावर या चारही भाषांतील मजकूर यंत्राकडून वाचून घेता येतो. आवाज यांत्रिक असतो, इतकेच. परंतु या बोर्डावर मायक्रोफोन लावण्याची सोय नाही आणि २०२३ च्या पाचव्या आवृत्तीत हेडफोनची खोबणही नाही. म्हणून यूएसबी साऊंड कार्ड जोडावे लागते.

नेमके येथेच घोडे पेंड खाते. कार्ड जोडले, तरी आवाज येत नाही. कार्ड बिघडले असे समजून दुसरे विकत आणले जाते. वस्तुतः प्रमाणित पद्धतीचे कार्ड लिनक्स आपोआप ओळखतो. मात्र तो ध्वनिसाधनांना क्रमांक देतो आणि बहुधा शून्य क्रमांकाच्या, म्हणजे अनेकदा एचडीएमआयच्या, मार्गाने आवाज पाठवितो. ‘एप्ले’ या आज्ञेने यादी पाहावी आणि ध्वनीच्या मांडणीत यूएसबी कार्ड निवडावे. ही निवड क्रमांकाने न करता नावाने करावी. कारण संगणक पुन्हा सुरू करताना क्रमांक बदलू शकतो. कार्ड यादीतच नसेल, तर वीजपुरवठा अपुरा नाही ना, हे आधी तपासावे.

अर्थात, भाबडेपणा नको. रास्पबेरी पाय बनविणारी कंपनी जून २०२४ मध्ये लंडनच्या शेअरबाजारात उतरली आहे; तिचा बोर्ड ही नफ्यासाठी विकली जाणारी वस्तूच आहे. सामाईक आहे ती त्यावर चालणारी आज्ञावली, आणि तीही शिकून घेणाऱ्यापुरतीच. केरळच्या सरकारी शाळांनी मुक्त आज्ञावली वर्गात नेली, ती शिक्षकांना शिकवूनच.

आपल्या कार्यकर्त्यांनीही प्रत्येक वस्तीत दोन तरुणांना हे काम शिकवावे आणि त्याच्या पायऱ्या वस्तीच्या भाषेत लिहून भिंतीवर लावाव्यात. मागाचा खटका बसविणारे हात हेही करू शकतील.