नदीवर काठ मोठा

आपण बेटावरची माणसे. समुद्र आपल्याला कोणी शिकवावा लागत नाही. आपले पूर्वज कोकणातली गावे सोडून मुंबई बंदरात आले, तेथून जहाजाने पोर्ट लुईला उतरले, आणि त्या प्रवासाच्या गोष्टी पिढ्यान्‌पिढ्या घराघरांत सांगितल्या गेल्या. भरती केव्हा, ओहोटी केव्हा, वारा कोठून फिरला की कोळी होडी ओढून ठेवतो, हे आपल्या मुलांनाही ठाऊक असते. नदीचे मात्र तसे नाही. मॉरिशसची सर्वांत लांब नदी म्हणजे ग्रांद रिव्हिएर स्यूद-एस्त, आणि तिची लांबी अवघी ३४ किलोमीटरांच्या आसपास. तिच्या मुखातून लहान बोटी धबधब्यापर्यंत जातात आणि तेथून परत फिरतात. नदीवर आठ-दहा दिवस राहावे, जेवावे, झोपावे आणि रोज सकाळी नव्या गावी जागे व्हावे, ही कल्पनाच आपल्याला नवी आहे.

आता हा नवा प्रवास आपल्या दारापर्यंत येऊन पोहोचला आहे. राइन, डॅन्यूब, नाईल, मिसिसिपी ह्या नद्यांवरील सफरींच्या जाहिराती सर्वत्र दिसतात. भारतातही १३ जानेवारी २०२३ रोजी वाराणसीहून 'गंगा विलास' ही नौका निघाली आणि बांगलादेशमार्गे सुमारे ३,२०० किलोमीटर कापून दिब्रुगडला पोहोचली. परदेशी नोकरीस गेलेली मुले आईवडिलांच्या लग्नाच्या वाढदिवसाला अशा सफरीचे तिकीट भेट देतात. हेतू चांगला असतो, खर्चही मोठा असतो. परंतु समुद्राच्या जहाजाचा हिशेब नदीच्या नौकेला लावला तर त्या खर्चाचे चीज होत नाही, आणि त्रास होतो तो घरातल्या सर्वांत वृद्ध माणसाला. म्हणून ह्या विषयावर चार शब्द लिहिणे आम्हांला आवश्यक वाटते.

आमचे म्हणणे थोडक्यात असे : समुद्रावर जहाज मोठे, नदीवर काठ मोठा. समुद्रात एकदा किनारा सुटला की जहाज हेच प्रवाशाचे गाव. नदीवर मात्र नौका ही काठाची पाहुणी असते. किती पाणी, कोणता पूल, कोणता धक्का, किती पायऱ्या, हे सर्व काठ ठरवतो.

ह्याचे बोलके उदाहरण अमेरिकेत व्हर्जिनिया राज्यातील अ‍ॅशबर्न गावाच्या शेजारी आहे. हे गाव वॉशिंग्टन शहराच्या वायव्येस सुमारे ५० किलोमीटरांवर, लाउडन परगण्यात आहे. संगणकांच्या प्रचंड केंद्रांमुळे त्याचे नाव जगभर झाले आणि भारतीय वंशाची अनेक कुटुंबे तेथे स्थायिक झाली. त्यांत मराठी घरेही आहेत. गावाच्या उत्तरेस थोड्याच अंतरावर पोटोमॅक नदी वाहते. नदीच्या पलीकडे मेरीलँड राज्य. लीसबर्गजवळ व्हाइट्स फेरी नावाची तर ह्या दोन काठांना जोडत असे. ह्या ठिकाणची तर अठराव्या शतकापासूनची. पुढे तारेच्या दोराला धरून चालणारी सपाट नाव आली, आणि ती एका खेपेत सुमारे दोन डझन मोटारी पलीकडे नेऊ लागली.

ही तर २८ डिसेंबर २०२० रोजी बंद पडली. नदी आटली नव्हती, नावही बुडाली नव्हती. व्हर्जिनियाच्या बाजूचा उतार ज्या खासगी जमिनीवर होता तिच्या मालकांशी वाद झाला, प्रकरण न्यायालयात गेले, आणि तो उतार सार्वजनिक नसल्याचा निकाल लागला. मग नाव लावायची कोठे? त्यानंतर वर्षानुवर्षे ही तर बंद राहिली आणि रोज ये-जा करणाऱ्यांना लांबच्या पुलाचा वळसा घ्यावा लागला. पाणी होते, नाव होती, नावाडी होते. नव्हता तो फक्त काठ. कोकणातल्या खाडीवर तरीची वाट पाहिलेल्या आपल्या पणजोबांना ह्याचा अर्थ समजावून सांगावा लागला नसता.

तीच पोटोमॅक पुढे दुसरा धडा देते. अ‍ॅशबर्नच्या बाजूने आलेली ही नदी ग्रेट फॉल्स येथे एका मैलाहून कमी अंतरात सुमारे ७६ फूट खाली उतरते. तेथे नौकेची धडगत नाही. जॉर्ज वॉशिंग्टन ह्यांनी अमेरिकेचे अध्यक्ष होण्यापूर्वी, १७८५ मध्ये, ह्या नदीवर वाहतूक सुरू करण्यासाठी स्थापन झालेल्या कंपनीचे अध्यक्षपद स्वीकारले, आणि धबधब्याला वळसा घालणारा कालवा १८०२ मध्ये पुरा झाला. पुढे १८२८ मध्ये मेरीलँडच्या काठाने चेसापीक-ओहायो कालव्याचे काम सुरू झाले. १८५० मध्ये तो कंबरलँडला पोहोचला, तेव्हा त्याची लांबी १८४ मैलांवर आणि त्यावरील लॉकांची संख्या ७४ झाली होती. लॉक म्हणजे दोन्ही बाजूंना दरवाजे असलेला पाण्याचा हौद. नाव आत घ्यायची, दार लावायचे, पाणी भरायचे वा सोडायचे, आणि नाव पायरीसारखी वर चढवायची किंवा खाली उतरवायची. पुरांनी हा कालवा वारंवार फोडला आणि १९२४ च्या पुरानंतर त्यावरील व्यापार संपला. वॉशिंग्टन शहराशी येताच मात्र हीच नदी भरती-ओहोटीची होते, रुंदावत जाते आणि चेसापीकच्या उपसागराला मिळते. वर लहान होड्या, खाली मोठ्या बोटी. नदी एकच, पण कोणत्या टप्प्यावर प्रवास करायचा ह्यावर सारे अवलंबून.

आज युरोपात जाणाऱ्या प्रवाशालाही हाच लॉक भेटतो. राइन आणि डॅन्यूब ह्यांना जोडणारा कालवा १९९२ मध्ये पुरा झाला. त्यावर १६ लॉक आहेत. ह्या मार्गांवरील लॉकांत मावावे म्हणून तेथील मोठ्यात मोठी प्रवासी नौका साधारण १३५ मीटर लांब आणि साडेअकरा मीटरांच्या आत रुंद बांधतात. तीत दोनशेच्या आतच प्रवासी राहतात. उलट २०२४ मध्ये समुद्रावर आलेले 'आयकॉन ऑफ द सीज' हे जहाज सुमारे ३६५ मीटर लांब आहे आणि पूर्ण भरले तर साडेसात हजारांहून अधिक प्रवासी घेते. ह्या जहाजावर पोहण्याचे तलाव, नाट्यगृहे, बाजार असे सगळे आहे. नदीच्या नौकेवर एक जेवणघर, एक बसण्याची खोली आणि वरची मोकळी गच्ची. पूल ठेंगणा असेल तर ती गच्चीही काही काळ बंद ठेवतात. ज्याला जहाजावरची जत्रा हवी आहे त्याने नदीवर जाऊ नये. चौथ्या दिवशी तो कंटाळेल. ज्याला खिडकीतून द्राक्षांचे मळे, देवळांचे घाट, धुणी धुणारी माणसे पाहायची आहेत, त्याला नदीसारखे सुख नाही.

नदीचा मोठा गुण म्हणजे बोट लागत नाही. समुद्राच्या नावानेच ज्यांच्या पोटात ढवळते त्यांनी नदी निःशंक निवडावी. काठ सतत नजरेसमोर असतो, रात्री झोप लागते, आणि नौका बहुधा शहराच्या मधोमध लागते. समुद्राच्या जहाजातून उतरून गावात जायला कधी कधी मोटारीने तासभर लागतो. नदीवर पाच मिनिटांत बाजारात.

पण उतरणे हाच वृद्धांसाठी कळीचा प्रश्न असतो. धक्क्यावर जागा अपुरी असली की नौका एकीला एक लावून उभ्या करतात. नाईलवर तर चार-चार नौका शेजारी शेजारी लागतात. आपली नौका बाहेरच्या बाजूला असेल तर दुसऱ्यांच्या नौकांमधून, कधी त्यांच्या गच्चीवरून, वाट काढत काठाला जायचे. पाणी उतरले असेल तर चढायची फळी उभी होते. पुढे जुन्या शहरांचे दगडी, खडबडीत रस्ते. काही नौकांवर लिफ्ट नसते. असली तरी ती सर्व मजल्यांवर जातेच असे नाही. गुडघे दुखणाऱ्या आजींना नौकेत सोडून बाकीचे घरचे गाव पाहायला गेले, तर त्या सफरीत आजींच्या वाट्याला काय आले? मोठ्या समुद्री जहाजावर त्याच आजी चाकाच्या खुर्चीतून दिवसभर फिरू शकल्या असत्या. आजारपणाचाही विचार करावा. समुद्राच्या मोठ्या जहाजावर डॉक्टर आणि दवाखाना असतो, पण रुग्णालय दूर असते. नदीच्या नौकेवर बहुधा डॉक्टर नसतो, पण गाव जवळ असते.

दुसरा प्रश्न पाण्याचा. समुद्रात वादळ आले तर कप्तान एखादे बंदर गाळतो, मार्ग बदलतो. प्रवासी जहाजावरच सुखाने राहतात. नदीत पाणी कमी झाले तर वळायला दुसरा मार्ग नसतो, आणि पूर आला तर नौका पुलाखालून जात नाही. ऑक्टोबर २०१८ मध्ये राइनवरील काउब येथील पाणीमापक २५ सेंटिमीटरांपर्यंत उतरला होता. हा आकडा नदीच्या पूर्ण खोलीचा नव्हे, मापकावरचा; पण तो मोठ्या नौका अडवायला पुरेसा होता. २०२२ च्या उन्हाळ्यात राइनवर आणि त्याच वर्षीच्या शरदात मिसिसिपीवर पुन्हा तीच पाळी आली. अशा वेळी कंपन्या प्रवाशांना बसने पुढच्या नौकेवर नेतात, किंवा हॉटेलात उतरवून सफर बसनेच पुरी करतात. तसे करण्याची मुभा त्यांच्या अटींत बहुधा आधीच लिहिलेली असते. आपण नदीचे पैसे भरले आणि रस्ता पाहिला, अशी तक्रार मग कोणाकडे करणार?

पैशांचा हिशेबही निराळा आहे. समुद्रावरचे भाडे पहिल्या नजरेला स्वस्त दिसते. बंदरावरील सहली, पेये, बक्षिशी ह्यांनी ते वाढत जाते. नदीवरचे भाडे जास्त असते, पण त्यात बहुधा रोजची सहल आणि जेवणासोबतची वाइन धरलेली असते. जी कुटुंबे वाइनला हातही लावत नाहीत त्यांनी हे ध्यानात ठेवून दोन कंपन्यांचे दर ताडून पाहावेत. लहान स्वयंपाकघरात शाकाहारी माणसाची सोय आयत्या वेळी होत नाही. ती आरक्षणाच्या वेळीच लिहून कळवावी. पासपोर्टाचेही तसेच. आजोबांचा मॉरिशसचा, मुलाचा अमेरिकेचा, सुनेचा भारताचा, असे एकाच घरात तीन पासपोर्ट असू शकतात. नौका एका आठवड्यात तीन-चार देशांतून जात असेल तर प्रत्येकाचा नियम वेगळा तपासावा लागतो.

तेव्हा तिकीट काढणाऱ्या मुलामुलींना आमची विनंती आहे की चित्रे पाहून भुलू नका. काठाची चौकशी करा. आम्ही निवडलेल्या महिन्यात ह्या नदीला पाणी कसे असते? पाणी नसले तर काय करणार, आणि किती पैसे परत देणार? नौका दुसऱ्या नौकांना लागून उभी राहणार का? रोज किती चालावे लागेल, किती पायऱ्या? लिफ्ट कोणत्या मजल्यापर्यंत? सर्वांत खालच्या मजल्यावरची केबिन स्वस्त असते, पण तिची खिडकी पाण्याच्या थोडी वर असते आणि बहुधा उघडत नाही, हेही विचारून घ्या. उत्तरे तोंडी नकोत, लेखी मागा.

ज्यांचे आप्त अ‍ॅशबर्नच्या बाजूला राहतात त्यांना एक सोपी परीक्षा घेता येईल. वॉशिंग्टनजवळच्या अलेक्झांड्रियाहून, ऋतू असेल तेव्हा, पोटोमॅकवर फिरवून आणणाऱ्या बोटी सुटतात. मोठ्या सफरीचे पैसे भरण्यापूर्वी आजीआजोबांना त्या बोटीवर न्या. चढताना हात धरावा लागला का, तास-दोन तास काठ पाहण्यात मन रमले का, हे त्या दिवशी कळेल. काही डॉलरांत हजारो डॉलरांचा निर्णय होईल.

आपले पूर्वज ज्या जहाजात चढले त्याच्या कराराची भाषा त्यांना वाचता येत नव्हती. अनेकांनी तो न वाचताच अंगठा उठवला. आपल्याला वाचता येते आणि विचारताही येते. ज्या आईवडिलांनी आयुष्यभर उसाच्या शेतात, गिरणीत वा कचेरीत कष्ट केले, त्यांना समुद्र दाखवा किंवा नदी दाखवा, दोन्ही चांगल्याच. पण निवड त्यांच्या गुडघ्यांकडे आणि त्यांच्या आवडीकडे पाहून करा, आणि पैसे भरण्यापूर्वी त्यांनाही एकदा विचारा.