घरचा हिशोब : सूनबाई सही का करू देत नाही?



मांजरसुंब्याहून एका आपांचं पत्र आलं आहे. नाव छापू नका म्हणतात. गावाचं नाव मात्र त्यांच्या परवानगीने देतो. बीडहून सोलापूरकडे जाणारा रस्ता जिथे केज आणि पाटोद्याच्या रस्त्यांना मिळतो, तिथे हायवेला लागून त्यांचे तीन गाळे आहेत. पतीने हयातीतच ते थोरल्या मुलाला हिबा केले, नमुना ८ वर नाव मुलाचंच आहे. मुलगा नऊ वर्षांपासून दुबईत. सून घराण्याने हैदराबादची, पण जन्म शिकागोचा आणि पासपोर्ट अमेरिकेचा.

आपांचं दुःख त्यांच्याच शब्दांत सांगतो. "बीडच्या बँकेतल्या आमच्या खात्यात सुनेचं नाव घालायचं ठरवलं, तर ती म्हणाली, अम्मी, माझं नाव नको. मुलगा तिच्या अमेरिकेच्या टॅक्सच्या कागदावर सही करायला तयार होता, तर तेही करू दिलं नाही. ती आम्हाला आपलं मानते की नाही?"

आपा, मानते. म्हणूनच नको म्हणते.

आपला आयकर माणूस वर्षातले किती दिवस भारतात राहिला ते मोजतो. बायको कोणत्या देशाची, हे तो विचारत नाही. नवरा-बायकोचं रिटर्न आपल्याकडे वेगवेगळंच असतं. त्यामुळे सुनेच्या दुबईच्या पगाराचा तुमच्या मुलाच्या भारतातल्या रिटर्नशी काही संबंध नाही. अमेरिकेचं उलटं आहे. तिथला नागरिक जगात कुठेही राहो, दरवर्षी हिशोब द्यावाच लागतो. असा कायदा जगात अमेरिकेखेरीज एरिट्रिया या छोट्या देशात आहे, बाकी जवळजवळ कुठेच नाही. विवाहित माणूस वेगळं रिटर्न भरत असेल तर वर्षाचं उत्पन्न ५ डॉलर झालं तरी रिटर्न लागतं! दुबईत पगारावर टॅक्स नाही, तरी ती बिचारी दरवर्षी फॉर्म भरत बसते. परदेशात कमावलेल्या पगारावर तिला सूट आहे, २०२५ साठी १,३०,००० डॉलरपर्यंत. पण ती सूटही फॉर्म भरून मागावी लागते.

त्या फॉर्मवर नवऱ्याचा रकाना आहे. जो अमेरिकेचा नागरिक नाही आणि तिथे राहतही नाही, अशा नवऱ्याला त्यांचा कायदा 'एलियन' म्हणतो. घाबरू नका, परका एवढाच त्याचा अर्थ. अशा नवऱ्यासोबत एकत्र रिटर्न भरता येतं, पण तसं निवडलं की त्याची जगभरची कमाई अमेरिकेच्या कागदावर येते. दुबईचा पगार आणि मांजरसुंब्याच्या गाळ्यांचं भाडंसुद्धा. शिवाय ही निवड पुढच्या वर्षांनाही लागू राहते. नवऱ्याला काहीच उत्पन्न नसेल तर त्यात फायदा होऊ शकतो. तुमच्या मुलाला आहे, म्हणून ती वेगळं भरते.

आता बँकेचं. अमेरिकी नागरिकाची परदेशातली सगळी खाती मिळून वर्षात एकदाही १०,००० डॉलरच्या वर गेली, म्हणजे आपले साधारण आठ-नऊ लाख, तर प्रत्येक खात्याची माहिती तिथे कळवावी लागते. संयुक्त खात्यातली पूर्ण रक्कम धरतात. म्हणजे तुमच्या पेन्शनचे पैसेही. कळवायचं राहिलं तर नजरचुकीलासुद्धा १०,००० डॉलरच्या वर दंड होऊ शकतो. आणि लपत नाही काही. २०१५ मध्ये भारत आणि अमेरिकेत करार झाला, तेव्हापासून आपल्या बँका अमेरिकी खातेदारांची माहिती देतात. सुनेवर माया असेल तर तुमच्या स्वतःच्या खात्याला तिचं नाव नॉमिनी म्हणून लावा. त्याने ती खातेदार होत नाही.

खरी चूक, रागावू नका आपा, तुमच्याकडेच आहे. भाडं तुमच्या बचत खात्यात येतं आणि तुमच्या रिटर्नमध्ये दाखवलं जातं. गाळे मुलाचे, तर उत्पन्नही मुलाचं. तो परदेशी राहतो म्हणून त्याचं खातं एनआरओ हवं, भाडं त्यात जमा व्हावं. परदेशी राहणाऱ्या मालकाला भाडं देताना भाडेकरूने ३१.२ टक्के टीडीएस कापायचा असतो, रक्कम कितीही लहान असो. पंक्चरवाल्याला हे कोण सांगणार? पण कायद्याने जबाबदार तोच धरला जातो.

तुम्ही गाळ्यामागे महिना १२,००० लिहिलं आहे. तिघांचे वर्षाला ४,३२,०००. त्यावर १,३४,७८४ रुपये कापले जातील. ऐकून पोटात गोळा येतो, पण हिशोब पुढे करा. भाड्यातून ३० टक्के वजावट मिळते, उरतात ३,०२,४००. नव्या पद्धतीत ४ लाखांपर्यंत कर नाही. मुलाचं भारतात दुसरं मोठं उत्पन्न नसेल, तर कापलेले सगळे पैसे परत. त्यासाठी रिटर्न मात्र भरावं लागेल, आणि तेही आयटीआर-२. आयटीआर-१ परदेशस्थांना चालत नाही. पुढच्या वर्षापासून कमी कपातीचा दाखला आधीच मागता येतो. पेपरात वाचलेली १२ लाखांची करमाफी त्याच्या कामाची नाही, ती फक्त भारतात राहणाऱ्यांना आहे.

पत्राच्या शेवटी विचारता, एक गाळा सुनेच्या नावे केला तर? तिच्याकडे ओसीआय कार्ड असेल तर नवरा तिला गाळा देऊ शकतो, शेत नाही. नुसती भेट दिली तर भेटीवर कर नाही, पण भाडं कायद्याने मुलाच्याच उत्पन्नात मिळवतात. मेहर बाकी असेल आणि त्यापोटी गाळा दिला, तर ती भेट नव्हे, कर्जफेड. तेव्हा निकाहनाम्यातली रक्कम आणि गाळ्याची किंमत जुळते का, ते आधी पाहावं लागेल. नाव चढवण्याआधी निकाहनाम्याची प्रत पाठवा. आणि सुनेलाही विचारा, कारण त्या गाळ्याचं भाडं मग तिला अमेरिकेला सांगावं लागेल.

३१ जुलैच्या आत रिटर्न भरायचं तर एक काम आजच करा. रिटर्नच्या पडताळणीचा ओटीपी आधारला जोडलेल्या नंबरवर येतो. मुलाचं ते जुनं सिम तुमच्याच कपाटात असेल. रिचार्ज करून फोन चालू ठेवा.