शिडीची शेवटची पायरी विकणारे

यंदाच्या शिमग्याला काकांच्या करंजाड्याच्या घरी आम्ही सगळे जमलो होतो. जेवणं झाल्यावर काकांनी मला बाजूला घेतलं आणि मोबाइलवर एक रील दाखवली. पिवळं-लाल विमान तळ्याच्या पाण्याला घासत जातं, पोटात पाणी भरून घेतं, वर उठतं आणि पेटलेल्या डोंगरावर ते सगळं पाणी सोडून देतं. काका म्हणाले, "आपल्या पोराला हे व्हायचंय. बघ जरा, खरं आहे का हे."

पोरगा म्हणजे माझा चुलतभाऊ. वय २१, बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला. एका कन्सल्टन्सीने त्याला सांगितलं होतं की दीड वर्षात कमर्शियल पायलटचं लायसन्स मिळेल, मग कॅनडा किंवा ऑस्ट्रेलिया. जगभर वणवे वाढतायत, पायलट कमी पडतायत, नोकरी पक्की. खर्च ७५ लाख, दोन हप्त्यांत. पैसे कुठून येणार, तर साडेबावीस टक्क्यांतून.

पनवेलबाहेरच्यांसाठी सांगतो. नवी मुंबई विमानतळासाठी कोल्ही, कोपर, चिंचपाडा, तरघर अशी दहा गावं उठली. जमिनीच्या बदल्यात साडेबावीस टक्के विकसित भूखंड मिळाला. आजोबांची भाताची खाचरं होती तिथून २५ डिसेंबर २०२५ पासून विमानं उडतायत. त्या खाचरांपैकी आमच्या हाती उरलंय ते एवढंच. काकांचा वाटा विकला की विषय संपला. पुन्हा विकायला काही नाही.

मी सॉफ्टवेअर इंजिनीअर. विमानाशी माझा संबंध खिडकीची सीट मागण्यापुरता. पण आमच्याकडे ज्याला इंग्रजीतला फॉर्म भरता येतो त्याला जगातलं सगळं कळतं, असा समज आहे. मग तीन आठवडे ऑफिसनंतर बसून वाचलं. माझं जे मत झालं ते आधीच सांगून टाकतो. हे काम खरं आहे, त्याची गरजही खरी आहे. पण भारतात काढलेल्या दोनशे तासांच्या लायसन्सवरून त्या कॉकपिटकडे जाणारा सरळ रस्ता नाही. ज्यांना हे कळायला हवं तेच लोक तो रस्ता असल्यासारखा विकतायत.

आधी काम काय आहे ते बघा. रीलमधलं विमान म्हणजे सीएल-४१५. पाण्यावरून धावत ते साधारण १२ सेकंदांत सहा हजार लिटर पाणी उचलतं. त्याहून लहान एअर ट्रॅक्टर ८०२ मध्ये एकटा पायलट असतो आणि तीन हजार लिटरच्या आसपास पाणी. डीसी-१० सारखी जुनी प्रवासी विमानं टँकर करून वापरतात. ती आगीच्या पुढे लाल रंगाच्या आगरोधक द्रव्याचा पट्टा टाकतात. हे सगळं जमिनीपासून शे-दोनशे फुटांवर, धुरात, दरीतल्या उलटसुलट वाऱ्यात. चूक झाली तर सावरायला उंचीच नसते. २३ जानेवारी २०२० ला ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्समध्ये सी-१३० टँकर कोसळला, त्यातले तिघेही अमेरिकन कर्मचारी गेले. २५ जुलै २०२३ ला ग्रीसच्या एव्हिया बेटावर सीएल-२१५ पडलं, हवाई दलाचे दोन पायलट गेले.

म्हणून या धंद्यात कुणी नवख्याला दारात उभं करत नाही. कंपनीला, विमा उतरवणाऱ्याला आणि कंत्राट देणाऱ्या सरकारी खात्याला तास हवे असतात, आणि तेही कमी उंचीवरचे, डोंगरातले, शेपटीला चाक असलेल्या विमानाचे. तिकडची पोरं हे तास कमावतात कुठे? बरीचशी शेतावर औषध फवारणाऱ्या विमानांवर. काही कॅनडाच्या उत्तरेकडे, जिथे रस्ते नाहीत तिथे माणसं आणि सामान पोचवणाऱ्या छोट्या विमानांवर. काही मोठ्या टँकरवर सहवैमानिक म्हणून. अशी बरीच वर्षं काढल्यावर आगीवरची सीट मिळते. रील असते ती त्या शिडीच्या शेवटच्या पायरीची.

आता आपल्याकडे बघा. बारामती, गोंदिया, शिरपूर इथे पायलट प्रशिक्षणाच्या संस्था आहेत. तिथून बाहेर पडणारं पोरगं प्रवासी विमान कंपनीत जायला तयार होतं: आधी २०० तास, मग ए-३२० सारख्या विमानाचं वेगळं आणि महागडं प्रशिक्षण, मग मुलाखतींची वाट. त्या वाटेवरही लायसन्स खिशात घेऊन घरी बसलेली पोरं कमी नाहीत. आणि ती वाट ३५ हजार फुटांवर ऑटोपायलट लावून जाते. तिथल्या तासांनी दरीतलं उड्डाण येत नाही.

फवारणीची पायरी आपल्याकडे एकेकाळी होती. हिंदुस्तान एरोनॉटिक्सने सत्तरच्या दशकात 'बसंत' नावाचं खास फवारणीचं विमान बनवलं. अशी ३९ विमानं तयार झाली आणि १९८० च्या सुमारास उत्पादन थांबलं. २०२० मध्ये टोळधाड आली तेव्हा राजस्थानात हेलिकॉप्टर आणि ड्रोन वापरावे लागले. आता फवारणी म्हटलं की ड्रोन. शेतकऱ्याच्या दृष्टीने ते बरंच आहे. पण पायलटच्या शिडीची खालची पायरी त्यात गेली ती गेलीच.

मग भारतात वरून आग विझवतं कोण? हवाई दल. मार्च २०२२ मध्ये सरिस्काचं जंगल पेटलं तेव्हा एमआय-१७ हेलिकॉप्टरखाली बांबी बकेट म्हणजे पाण्याची मोठी बादली लटकवून सिलिसेढ तलावातून पाणी नेलं. मार्च २०२३ मध्ये आपल्या शेजारी गोव्यात म्हादईचं जंगल पेटलं तेव्हा हवाई दल आणि नौदल दोघांची हेलिकॉप्टरं आली. एप्रिल २०२४ मध्ये नैनितालला भीमतालमधून पाणी उचललं. प्रत्येक वेळी हेच: आग हाताबाहेर जाते, राज्य सरकार विनंती करतं, फौज येते. उन्हाळाभर डोंगरावर लक्ष ठेवून असणारी, पोरांना कामावर घेणारी, तास देणारी नागरी सेवा कन्सल्टन्सीच्या एकाही स्लाइडवर नव्हती, कारण आपण ती उभीच केलेली नाही.

उरला प्रश्न व्हिसाचा. हा विषय आम्हा आयटीवाल्यांना झोपेतही कळतो. अमेरिकेत पायलटची नोकरी साधारणपणे एच-वन-बी मध्ये बसत नाही, आणि टँकर कंपन्यांना तिथे काम करायचा हक्क आधीपासून असलेला माणूस हवा असतो. भारतीयांच्या ग्रीन कार्डाची रांग किती लांब आहे हे माझ्या टीममधल्या कुणालाही विचारा. युरोपात भारतीय लायसन्स बदलून घ्यायचं तर १३ विषयांच्या थिअरी परीक्षा नव्याने द्याव्या लागतात. कॅनडात तिथली परीक्षा, तिथलं मेडिकल, आणि स्थानिक माणूस मिळत नाही हे मालकाने सरकारला पटवून देणं. शिवाय काम हंगामी: उत्तरेत जून ते ऑक्टोबर, ऑस्ट्रेलियात डिसेंबर ते मार्च. चार महिन्यांच्या हंगामासाठी २०० तासवाल्या परदेशी पोराचे कागद कोण करत बसेल?

हे सगळं मी एका कागदावर मांडून भावाला दाखवलं. तो म्हणाला, "दादा, तू एसीत बसून दुसऱ्यांच्या स्वप्नात बग काढतोस."

लागलं मला ते. कारण त्यात तथ्य आहे. माझ्या इंजिनीअरिंगच्या फीला घरात कुणी असा कागद मागितला नव्हता. आगरी-कोळ्यांच्या पोरांनी सिक्युरिटी, ड्रायव्हर, लोडर याच्या पुढे बघू नये, असं वाटणारे लोक आमच्याभोवती भरपूर आहेत. आमच्याच शेतावरून विमानं उडणार आणि आम्ही त्यांत फक्त बॅगा चढवणार, हे कुणालाही सलेल. म्हणून स्पष्ट सांगतो, माझं भांडण त्याच्या स्वप्नाशी नाही. भूखंड विकायचाच असेल तर आपण काय विकत घेतोय हे माहीत असावं, एवढंच. ७५ लाखांत मिळतं ते लायसन्स. आगीवरची सीट त्या किमतीत नाही. एक विकून दुसरीचं चित्र दाखवणं याला माझ्या धंद्यात डेमो म्हणतात, आणि डेमोवर घर विकायचं नसतं.

मग काय करायचं? भारतात राहून आगीवर पाणी टाकणारा पायलट व्हायचं असेल तर आज खरा दरवाजा एफकॅटचा आहे, हवाई दलाच्या प्रवेश परीक्षेचा. त्यात भूखंड विकावा लागत नाही. हेलिकॉप्टरच मिळेल याची खात्री तिथेही नाही, पण निदान तिथे कुणी तशी खात्री विकत नाही. परदेशात जायचंच असेल तर आधी त्या देशात राहायचा आणि काम करायचा हक्क मिळवायचा, मग तिथल्या खालच्या पायरीपासून सुरुवात करायची. दहा वर्षांचा हिशोब आहे तो. दीड वर्षाचा म्हणून सांगणाऱ्याला एकच विचारा: तुमच्याकडून गेलेला एक पायलट दाखवा, जो आज आगीवर उडतोय. भावाने फोन करून विचारलं. त्याला नवीन ब्रोशर आलं.

आणि शेवटचं, जे मला स्वतःलाच उशिरा कळलं. विमान आग विझवत नाही. ते आगीचा वेग कमी करतं, तिची उंची खाली आणतं, जमिनीवरच्या माणसांना वेळ मिळवून देतं. आग विझवतात ती माणसं. खारघरच्या डोंगरावर दर उन्हाळ्यात रात्री लाल माळ दिसते आणि आम्ही सोसायटीच्या गच्चीवरून तिचे व्हिडिओ काढतो. त्या माळेच्या टोकाशी वनरक्षक असतात, हंगामी मजूर असतात, वाडीवरची कातकरी-ठाकर माणसं असतात. हातात हिरव्या फांद्या, फार तर पाठीवर ब्लोअर. वणवा लागायच्या आधी गवत कापून, जाळून जाळरेषा काढायचं कामही त्यांचंच. आम्ही सीएल-४१५ ची टाकी किती लिटरची हे पाठ म्हणून दाखवू. कर्नाळ्याच्या जंगलात या मार्चमध्ये जाळरेषा कुणी काढली आणि त्याला रोज काय मिळाला, हे आमच्यापैकी कुणाला माहीत आहे?

या दोन प्रश्नांचं उत्तर एकच आहे, असं मला वाटतं. सह्याद्रीच्या वणव्यासाठी हंगामभर तैनात असलेली दोन-चार नागरी हेलिकॉप्टरं आणि खाली बारमाही पगारावरची प्रशिक्षित माणसं, एवढं जरी राज्याने उभं केलं तरी शिडीची खालची पायरी तयार होईल. कुणीतरी पोरगं इथल्या डोंगरावर तास कमावेल आणि मग हवं तर कॅनडाला जाईल. ज्या पनवेलमध्ये विमानतळासाठी उलव्याची टेकडी कापून सपाट करता आली आणि नदी वळवता आली, तिथे उरलेल्या टेकड्यांवरची आग विझवायला साधनं आणता येत नाहीत, हे मी मानायला तयार नाही.

भूखंड अजून काकांच्या नावावर आहे. भाऊ माझ्याशी पंधरा दिवस बोलला नाही. परवा त्याचा मेसेज आला, फक्त एक प्रश्न: एफकॅटला ग्रॅज्युएशनचे किती टक्के लागतात? मी कळवलं, ६०. त्याचे ५८ आहेत. एक सेमिस्टर बाकी आहे.