विघटनाचा दाखला आणि खामचे शेवाळ

जटवाड्याच्या डोंगरात उगम पावणारी, हर्सूलच्या तलावात काही काळ विसावणारी आणि बेगमपुऱ्याजवळून, पाणचक्कीच्या कडेने छावणीकडे वळणारी खाम नदी अखेरीस गोदावरीत, म्हणजे पैठणच्या नाथसागरात, विलीन होते. आणि त्याच नाथसागराचे पाणी जलवाहिनीने परत येऊन छत्रपती संभाजीनगरच्या घराघरांतील हंडे भरते. नदीत आपण जे सोडतो ते कोठेतरी दूर जाते, हा भ्रम निदान या शहराच्या रहिवाशाला बाळगता येण्यासारखा नाही. म्हणूनच विघटनशील म्हणविणाऱ्या नव्या प्रकारच्या पिशवीविषयी थोडे सविस्तर लिहिणे मला कर्तव्य वाटते.

23 मार्च 2018 रोजी राज्य शासनाने प्लास्टिकबंदीची अधिसूचना काढली, तेव्हा हे शहर स्वतःच कचऱ्याच्या संकटात सापडलेले होते. नारेगावच्या ग्रामस्थांनी वर्षानुवर्षे सोसलेला उकिरडा त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत बंद पाडला होता, रस्तोरस्ती ढीग साचले होते, आणि मिटमिट्याला कचऱ्याच्या गाड्यांवरून जाळपोळीपर्यंत मजल गेली होती. ते दिवस ज्यांनी पाहिले त्यांना बंदीचा हुकूम योग्यच वाटला, मलाही वाटला. पुढे केंद्राच्या नियमांनी साध्या कॅरीबॅगची किमान जाडी प्रथम 75 आणि नंतर 120 मायक्रॉन ठरविली. मात्र कंपोस्टेबल म्हणून दाखला मिळालेल्या पिशवीला जाडीची ही अट लागू केली नाही. परिणामी हिरव्या अक्षरांत विघटनशीलतेची ग्वाही देणाऱ्या पातळ, किंचित मऊ स्पर्शाच्या पिशव्या औरंगपुऱ्याच्या मंडईपासून शहागंजपर्यंत दिसू लागल्या, आणि घरून कापडी पिशवी नेण्याची जी सवय नुकती कोठे अंगवळणी पडू लागली होती ती पुन्हा सुटली. ही पिशवी मातीत मिळून जाणार, मग चिंता कसली, असे घेणाराही म्हणतो आणि देणाराही.

या निश्चिंतीला आधार आहे तो दाखल्याचा. तेव्हा त्या दाखल्यात नेमके काय लिहिलेले असते ते पाहिले पाहिजे. कंपोस्टेबल प्लास्टिकसाठी आपल्याकडे आयएस/आयएसओ 17088 हे मानक लागू आहे. औद्योगिक कंपोस्टच्या राशीत, सुमारे 58 अंश उष्णतेत, पुरेशी हवा आणि ओल कायम राखली असता, या द्रव्यातील नव्वद टक्के कार्बनाचे 180 दिवसांच्या आत वायूत रूपांतर झाले पाहिजे, आणि त्या खतात रोपे नीट उगवली पाहिजेत, असा त्याचा आशय आहे. कसोटी उत्तम आहे, पण ती खताच्या राशीची आहे. खामच्या डोहात 58 अंश उष्णता वैशाखातही नसते, गाळाखाली हवा नसते, आणि तेथे उगवणारी वनस्पती रोप नसून शेवाळ असते. एका मुलखाची सनद दुसऱ्या मुलखात चालावी, तसा हा प्रकार झाला आहे.

विघटन या शब्दाचा अर्थ आपण नाश असा घेतो. रसायनशास्त्र मात्र त्याचा अर्थ तुकडे होणे एवढाच घेते. मका किंवा उसाच्या साखरेपासून होणारे पॉलिलॅक्टिक आम्ल पाण्यात हळूहळू तुटते तेव्हा प्रथम त्याच्या लांब साखळ्यांचे आखूड तुकडे होतात आणि फार उशिरा सुटे लॅक्टिक आम्ल हाती येते. पिशवीला लवचीकपणा देणारे पीबीएटी नावाचे बहुवारिक तुटले की त्यातून अ‍ॅडिपिक आम्ल, टेरेफ्थॅलिक आम्ल आणि ब्युटेनडायॉल निघते. आरंभ आणि अंत यांच्यामध्ये एक दीर्घ अवस्था असते, जिच्यात डोळ्यांना पिशवी दिसत नाही, पण पाण्यात अब्जावधी अतिसूक्ष्म कण, अर्धवट तुटलेल्या साखळ्या, आणि पिशवी घडविताना मिसळलेली रंगद्रव्ये व इतर द्रव्ये तरंगत असतात. पाणी स्वच्छ दिसते ते नेमके याच काळात.

या काळात शेवाळाचे काय होते, हा प्रश्न स्पेनमधील संशोधकांनी 2019 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांतून विचारला. जिवाणूंच्याच पोटी तयार होणाऱ्या, म्हणून सर्वांत निरुपद्रवी मानल्या गेलेल्या पॉलिहायड्रॉक्सिब्युटिरेट या विघटनशील प्लास्टिकचे कण त्यांनी पाण्यात झिजू दिले, आणि त्यातून सुटलेल्या नॅनोकणांच्या सान्निध्यात क्लॅमिडोमोनास हे हिरवे शैवाल, अ‍ॅनाबिना हे नत्र स्थिर करणारे नील-हरित शैवाल आणि डाफ्निया हा पाणपिसू ठेवला. दोन्ही शैवालांची वाढ लक्षणीय रीतीने खुंटली आणि पाणपिसूलाही बाधा झाली. तेच पाणी अतिसूक्ष्म गाळणीतून गाळून नॅनोकण वेगळे केले, तेव्हा ते घातक राहिले नाही. अर्थात अपाय त्या कणांचाच होता. पॉलिकॅप्रोलॅक्टोन या दुसऱ्या विघटनशील प्लास्टिकच्या बाबतीत मात्र तुटून निघालेले सर्वांत लहान अंशही शैवालांना विषारी ठरल्याचे नंतरच्या अभ्यासात दिसले. 2020 साली प्रसिद्ध झालेल्या एका युरोपीय तपासणीत जैवप्लास्टिकच्या व वनस्पतिजन्य द्रव्यांच्या 43 वस्तूंपैकी सुमारे दोन-तृतीयांश वस्तूंच्या अर्कांत पेशींना अपाय करणारी द्रव्ये आढळली.

येथे एक गोष्ट प्रांजळपणे नमूद करतो. प्रयोगशाळेतील मात्रा पुष्कळदा नदीतील मात्रेहून अधिक असतात, आणि सुटे लॅक्टिक आम्ल अल्प प्रमाणात जिवाणूंचे खाद्यच होते. आपल्या दख्खनच्या काळ्या कातळावरून वाहणारे पाणी कठीण आणि अल्कधर्मी असल्याने थोडेबहुत आम्ल ते पचवूही शकेल. पण कातळाचा क्षार आम्लाला शमवितो, कणाला शमवीत नाही. शिवाय आमची नदी युरोपातील नदीसारखी बारमाही वाहती नाही. दिवाळीनंतर तिचे डोह होतात, चैत्रात डोहांची डबकी होतात, आणि पावसाळ्यात विरळ असलेली द्रव्ये त्या डबक्यांत घट्ट होत जातात.

शेवाळ मेले तर बिघडले काय, खाम तशीही हिरवीगार झालेली आहे, असे कोणी म्हणेल. सांडपाण्याने माजलेला तो हिरवा थर आणि निरोगी पाण्यातील शैवालसृष्टी यांत निबर तणाने व्यापलेले रान आणि पिकाचे शेत यांच्याइतके अंतर आहे. विष सर्वांना सारखे बाधत नाही. नाजूक जाती आधी जातात, चिवट तेवढ्या उरतात. डायाटम, क्लोरेला, सिनेडेस्मस अशा एकपेशीय जीवांवर पाणपिसू जगतात, पाणपिसवांवर मासे, आणि माशांवर सलीम अली सरोवरात, जुन्या खिजरी तलावात, उतरणारे पक्षी. एन. डी. कामत यांचा ‘टॉपिक्स इन अल्गी’ हा शैवालशास्त्रावरील ग्रंथ 1982 साली याच शहरातून प्रसिद्ध झाला होता, याचे स्मरण येथे अगत्याने ठेवावेसे वाटते. ज्या गावात शैवालाचा असा अभ्यास झाला, त्या गावाने त्याला क्षुद्र समजू नये.

कायद्याला हे सारे अगदीच ठाऊक नाही असे नाही. 2024 च्या सुधारित नियमांत जैवविघटनशील प्लास्टिकची जी व्याख्या आहे, तीत गोड्या पाण्याचा नावाने उल्लेख आहे, आणि सूक्ष्म प्लास्टिक किंवा विषारी अवशेष मागे राहता कामा नयेत अशी स्पष्ट अट आहे. मग तीच अट कंपोस्टेबल पिशवीलाही का लागू होऊ नये? शैवालाच्या वाढीवरील परिणाम मोजण्याची आंतरराष्ट्रीय मान्यतेची पद्धत अवघ्या 72 तासांची आहे. पिशवी अर्धवट तुटू द्यावी, ते पाणी घ्यावे, त्यात शैवाल वाढवून पाहावे. आणि हे निव्वळ परदेशी प्रमाणित जातींवर न करता हर्सूलच्या व खामच्या जातींवरही करावे. चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतीत सिपेट या प्लास्टिक तंत्रज्ञानाच्या संस्थेचे केंद्र आहे, विद्यापीठात वनस्पतिशास्त्राचा विभाग आहे. दोघांत शहराच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचेच अंतर आहे.

ही तपासणी होईपर्यंत महापालिकेने कंपोस्टेबल पिशव्या स्वतंत्र गोळा करून खतप्रक्रियेच्या केंद्राकडेच पोहोचविण्याचा जिम्मा घ्यावा, कारण त्यांचा दाखला तेथेच खरा ठरतो. आणि वाचकांना माझी विनंती एवढीच आहे की, पिशवीवर हिरवी अक्षरे असली तरी ती नाल्यात टाकू नये, आणि मंडईला निघताना दाराआड टांगलेली कापडी पिशवी बरोबर घ्यावी.